एकपासून मोजलेला लंबक

आमच्या उरणच्या कॉलेजात भौतिकशास्त्राचं शिकवणं सुधारण्यासाठी दोन दिवसांचं चर्चासत्र झालं, तेव्हा आम्हा मुलींना हातात गुलाब देऊन फाटकावर उभं केलं होतं. लॅबमधली स्टुलं हॉलमध्ये नेली, म्हणून लॅबला कुलूप. मंचावर फलक होता, 'विद्यार्थी केंद्रस्थानी'. केंद्रस्थान बाहेर उन्हात उभं होतं.

त्याच आठवड्यात माझं जर्नल अडलं. लंबकाची वीस आंदोलनं मोजून गुरुत्वत्वरण काढायचं, पहिल्या वर्षाचा सगळ्यांत सोपा प्रयोग. उत्तर ९.८च्या आसपास यायला हवं. माझं १०.८ आलं. तीनदा केला, तीनदा जवळपास तेच. बाकी वर्गाचं ९.८ होतं, कारण त्यांनी उत्तर आधी लिहून त्यावरून वेळा उलट्या काढल्या होत्या. मी आलं ते लिहिलं. सरांनी जर्नल ढकलून दिलं.

"उरणला पृथ्वी वेगळी आहे का गं? दुरुस्त कर, तरच सही."

सही नाही म्हणजे प्रात्यक्षिक परीक्षा नाही, म्हणजे वर्ष गेलं.

प्रयोगातली माझी जोडीदार मिठागरवाल्यांची मुलगी. ती म्हणाली, "अगो, तुला पास व्हायचाय का पृथ्वीशी भांडाचाय? लिव नं नऊ पूर्नांक आठ."

पण आमच्या घरी एक आकडा चुकला म्हणून वडलांनी वाटायच्या पत्रकांचा अख्खा गठ्ठा पुन्हा छापून घेतलेला मी पाहिला होता. हात चालेना. चौथ्यांदा लंबक लावला. ती घड्याळ धरून होती.

"ए, तू सोडतानाच एक कशी बोलतेस?"

"सरांनी तसंच शिकवलंय."

"टोपली भरली न्हाय तवर कोन एक बोलतो? आमच्या मिठागरावर बोललीस तर हाकलतील."

मी बोटांवर मोजून पाहिलं. विसाच्या आकड्याला एकोणीसच आंदोलनं होत होती! मग 'शून्य' म्हणून लंबक सोडला. ९.७ आलं.

धावत सरांकडे गेले. चूक कुठे होती, ती कुणी पकडली, सगळं सांगितलं. मी हेही म्हणाले, "सर, म्हणूनच सगळे इतकी वर्षं उलट्या वेळा लिहितात." त्यांनी मान वर केली नाही.

"आलं ना जवळ? मग झालं तर." आणि सही ठोकली.

एवढंच. कारण विचारलं नाही, लंबकाकडे पाहिलं नाही. या माणसाने चर्चासत्रात जिज्ञासेवर पाऊण तास भाषण केलं होतं.

पुढचं जर्नल जोडीदाराचं. त्यात अजून तेच रचलेलं ९.८, वेळा मोत्यासारख्या अक्षरात.

"शाब्बास. याला म्हणतात प्रयोग," सर म्हणाले.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात तिने टेबलाखाली माझा हात घट्ट दाबला. सही होईपर्यंत सोडला नाही. चूक शोधणारी वर्गात ती एकटी, आणि तिला शाब्बासकी मिळाली ती खोट्यासाठी. बाहेर आल्यावर ती माझ्याकडे बघेना.