मागच्या खोलीची भिंत

शिवकांताच्या नाकाची तिच्या नवऱ्यानं, ग्यानोबानं, जन्मभर टिंगल केली. दूध नासायच्या आधीच तिला वास यायचा. ओलं फडकं कुणी चुरगाळून ठेवलं की तिला शिसारी यायची आणि ती घरभर शोध घेत फिरायची. पण ज्या दिवशी त्या नाकाचं खरं काम होतं, नेमकं त्याच दिवशी या बाईनं नाक गुंडाळून ठेवलं आणि डोळ्यांवर भरवसा टाकला. आता काय म्हणावं याला!

तिचाही इलाज नव्हता म्हणा. माहेर किल्लारीकडचं. त्र्याण्णव साली गणपती पाण्यात शिरवून गाव झोपलं आणि पहाटे जमीन हालली. दगडामातीच्या ढिगाऱ्याखाली थोरली बहीण गेली. तेव्हापासून शिवकांता कुणाच्या बारशाला गेली तरी आधी छताचे कोपरे बघायची, बोटाच्या पेरांनी भिंत ठोकायची आणि दाराजवळची जागा धरून बसायची. कुठं वीट जरी पडली तरी तिचे पाय आपोआप दाराकडं पळायचे. तडा दिसला तर चहासुद्धा न घेता उठायची. तिकडची बरीच माणसं अशीच झाली होती. घर म्हटलं की त्यांचा एकच प्रश्न, पडंल का?

पुढं लातुरात क्लासेसचं पेव फुटलं. जिकडंतिकडं पोरं, आणि पोरांना खोल्या पुरेनात. ग्यानोबानं ठरवलं, आपणही घर घेऊ, चार पोरी ठेवू, त्यांचा डबा शिवकांता करील आणि आपली लेक तनुजाही त्यांच्यात राहून बारावी करील. उदगीरकडच्या गुरुपादप्पाचं लातुरातलं एक घर विकायला होतं. ऐन उन्हाळ्यात दोघं बघायला गेले. भिंतींना ताजा ऑइलपेंट, आणि घरभर उदाचा धूर. शिवकांताला वाटलं, माणूस देवभोळा हाय. तिनं देवघराला हात जोडले, चारी कोपरे बघितले, भिंती ठोकल्या. कुठं तडा नव्हता.

"घ्या," ती नवऱ्याला म्हणाली.

पोरी राहायला आल्या आणि श्रावणात घरानं आपले गुण दाखवले. मागच्या खोलीचा पेंट फुगला, त्याला फोड आले, आणि फोड दाबला की काळं पाणी ओघळायचं. एक दिवस तिनं लोखंडी पेटी पुढं ओढली, तर मागच्या भिंतीवर काळीहिरवी लव, मेलेल्या उंदराच्या अंगावर असते तशी. गादीच्या खालच्या बाजूला बुरशीचे ठिपके. वह्यांना तो वास, टॉवेलांना तो वास, पोरींच्या केसांनाही तोच. छी! शिवकांताला घास गिळवेना. ती फिनेल ओतायची, ब्लीचिंग पावडरीनं भिंत घासायची, आणि आठवडा जातो न जातो तोच लव पुन्हा हजर. शेजाऱ्याचा पाण्याचा हौद त्याच भिंतीला चिकटून होता आणि कधीपासून झिरपत होता कोण जाणे.

तनुजा त्याच खोलीत राहायची. आधी तिला शिंका सुरू झाल्या, मग खोकला, मग जिना चढली की छातीतून शिट्टी वाजायला लागली. डॉक्टरांनी छाती तपासली आणि विचारलं घराबद्दल, ओल आहे का म्हणून. त्यांच्या ओळखीचा एक इंजिनियर ओल मोजायचं दोन सुयांचं यंत्र घेऊन आला. पुढच्या खोलीच्या भिंतीला सुया लावल्या तर यंत्र गप्प, मागच्या खोलीत मात्र ते ओरडायचं थांबेना. या हवेत कुणाला झोपवू नका, तो म्हणाला. भिंत फोडा, हौदाची गळती अडवा आणि नवी भिंत बांधा.

भिंत फोडायची म्हटल्यावर शिवकांता नकोच म्हणाली. विटा कोसळल्याचा आवाज ती ऐकूच शकत नव्हती. मग ग्यानोबानं सोपा मार्ग काढला, घरच विकून टाकायचं. तोवर तनुजाला पुढच्या खोलीत आणलं. मागची कॉट रिकामी कशाला ठेवायची म्हणून देगलूरहून नवीनच आलेल्या कशिशला ती दिली. खिडकी उघडी ठेवत जा गं, एवढं शिवकांतानं तिला सांगितलं आणि ती स्वयंपाकाला लागली.

रंगाला नासिर रंगाऱ्याला बोलावलं. भिंत बघून तो ओशाळून हसला. आधीचा रंगही त्याच्याच हातचा होता, गुरुपादप्पानंही असंच घाईनं बोलावलं होतं. त्यानं लव खरवडली, पुट्टी भरली, वरून चकचकीत पेंट मारला. जाताना म्हणाला, गिऱ्हाईक यायच्या आधी ऊद लावा, वास दबतो. शिवकांताच्या तेव्हा ध्यानात आलं. ज्या धुराला भुलून आपण हात जोडले, तो याच्यासाठी होता तर.

शिरूर अनंतपाळहून उमादेवी आणि तिचा नवरा सिद्धेश्वर घर बघायला आले. ग्यानोबानं ऊद लावलाच होता. उमादेवीनं आधी छताचे कोपरे बघितले. मग बोटाच्या पेरांनी भिंती ठोकत ठोकत ती मागच्या खोलीपर्यंत गेली. कॉटवर कशिश पुस्तक घेऊन बसली होती.

"तडा न्हाई," उमादेवी नवऱ्याला म्हणाली. "घेऊन टाका."

शिवकांताला ते सोसेना. ती स्वयंपाकघरातून उलथणं घेऊन आली आणि कुणी काही म्हणायच्या आत तिनं नवा पेंट खरडून काढला. आतून काळा चिखल निघाला. ग्यानोबानं डोक्याला हात लावला. उमादेवीनं नाकाला पदर लावला, वाकून बघितलं, पुन्हा छताकडं बघितलं.

"अक्का, नुसती ओलच हाय न्हवं? पडत तर न्हाई ना?" ती म्हणाली. "आन् आमी पुढं ऱ्हाऊ की. मागं काय, पोरीच ठिवायच्या."

काय ही बाई! शिवकांताला तिची अशी किळस आली की तिनं तोंडच फिरवलं. तोंड फिरवलं तर समोर कशिश. रुमाल तोंडाला लावून खोकत होती, आणि मोठ्यांसमोर आवाज होऊ नये म्हणून खोकला दाबत होती. तिच्या छातीतली शिट्टी शिवकांताच्या ओळखीची होती. मग तिला स्वतःचीच किळस आली. उमादेवी जे बोलून गेली, ते शिवकांतानं स्वतः न बोलता करून दाखवलं होतं.

"घर इकायचं न्हाई," ती म्हणाली.

पाहुणे निघून गेले. ग्यानोबानं आकांडतांडव केलं, येडी झालीस का म्हणून तीनदा विचारलं. कशिशची पेटी उचलून तिनं पुढच्या खोलीत नेली, तिची कॉट तनुजाच्या शेजारी लावली. मग अंगणातली सब्बल, लोखंडी पहार, घेऊन ती मागच्या खोलीत आली आणि तिनं भिंतीत घाव घातला.

विटा धडाधड खाली आल्या. कुजक्या पाण्याचा भपकारा तोंडावर आला, तिला उमासा आला. पदरानं तोंड पुसून तिनं सब्बल पुन्हा उचलली. दार तिच्या पाठीमागं उघडं होतं, पण तिचे पाय तिकडं वळले नाहीत.