नव्या बँडांचे मामा

संध्याकाळी नावाजलेला बँड मंचावर चढायचा आणि आमचे मामा मोटारसायकलला किक मारून घरी निघायचे. मुरबाडच्या पुढे माळावर दर हिवाळ्यात रॉक महोत्सव भरतो. भर दुपारी तिथे नवखे बँड वाजवतात, तेव्हा माणसं झाडाखाली नाहीतर वडापावच्या गाडीपाशी असतात. मामा मात्र डोक्याला रुमाल बांधून उन्हात मंचासमोर उभे. "मोठ्यांना ऐकायला दुनिया हाय. ह्या पोरांसमोर कोन तरी नको?" असं म्हणायचे.

वाशिंदच्या एका कारखान्यातून ते फिटर म्हणून निवृत्त झाले होते. आमचा ड्रमर नीलेश त्यांचा भाचा, म्हणून ते बँडमधल्या सगळ्यांचेच मामा. गिटार कुठली आणि बेस कुठला, हे त्यांना शेवटपर्यंत ओळखता आलं नाही. आवडलं की "दम हाय", नाही आवडलं की "अजून शिजला नाय". पण एकही गाणं अर्धवट टाकून ते कधी हलले नाहीत.

एका वर्षी आम्हालाही त्या महोत्सवात दुपारची वेळ मिळाली. मी गायले, नीलेशने जीव तोडून वाजवलं. खाली उतरलो तर मुंबईच्या एका बँडने त्याला बाजूला घेतलं आणि आमच्यात ये म्हणून सांगितलं. तो आमच्याकडे बघेना. मामांनी आमच्यादेखतच त्याला सांगितलं, जा.

मी मामांशी बोलणं सोडलं. आटगावला आमच्या घरी ज्या खोलीत सराव चालायचा, ती बंद पडली. पुढे शहापूरच्या बाजारात ते समोरच आले, तेव्हा मी म्हटलं, "मामा, तुमी आमचा बँड मोडलात."

"मोडला गो. खोटं कशाला बोलू? पण अडवला असता, तर तो तुझ्या मागं बसून रोज तिकडचाच इचार करीत बसला असता."

एवढं बोलून ते भाजी घ्यायला वळले. ते गावोगाव ड्रमर शोधत फिरत होते, हे मला नंतर कळलं. डोळखांबकडच्या एका पाड्यावर गणपतीच्या मिरवणुकीत ढोल वाजवणारी संगीता त्यांना दिसली. तिच्या आईबापांची समजूत काढून एका रविवारी ते तिला मोटारसायकलवर मागे बसवून आमच्या घरी घेऊन आले. नीलेशचा जुना ड्रमसेट आमच्याकडेच होता. तिने तो पहिल्यांदाच जवळून पाहिला आणि असा बडवला की शेजारी डोकावले. कशी वाटली, असं मी मामांना विचारलं. ते चपला घालत म्हणाले, "मला इचारू नको. तिच्यासंगं तुला गायचंय." मी संगीताला पुढच्या रविवारी यायला सांगितलं.

यंदा भाद्रपदात मामा गेले. नीलेश मुंबईहून आला, त्याने खांदा दिला. स्मशानातून परतल्यावर तो अंगणात माझ्यापाशी थांबला आणि अजून राग आहे का, असं त्याने विचारलं. होता थोडा. मी म्हटलं, दिवसकार्य उरकलं की सरावाला ये, संगीताला पायाने वाजवायच्या ड्रमचा ठेका अजून जमत नाही.

तो आला. दुपारभर तो तिला शिकवत होता. मग दोघं आळीपाळीने सेटवर बसले आणि मी दोघांबरोबरही गायले.