नाझरकाकांची वहिवाट

नाझरकाका रोज सकाळी फुटपाथचा ताबा घ्यायला निघत. फिरायला जातो असं ते म्हणत, पण हात मागे बांधून, छाती काढून, फुटपाथच्या बरोबर मधून ते असे चालत, की मागून येणाऱ्याला आपण अतिक्रमण करतोय असंच वाटावं. काकू त्यांच्या मागे दोन पावलं.

दिवाणी कोर्टात ते नाझर होते. जप्ती, ताबा ही कामं त्यांच्या देखरेखीखाली चालायची. नोकरी संपली तरी भाषा कोर्टातच राहिली. चहाला उशीर झाला की काकूंना विचारायचे, "तारीख वाढवून राहिलीस काय?"

नांदेडच्या आमच्या कॉलनीसमोर निवडणुकीच्या तोंडावर फुटपाथ झाला. रंगीत फरश्या बसल्या आणि त्यांच्यावर लगेच विजेची डीपी आली, रसवंती आली, कुणा भावी नगरसेवकाच्या वाढदिवसाचा फलक आला. त्यांच्याबद्दल काकांची तक्रार नव्हती. "ते स्थावर हाय. त्याला उठवायला हुकूम लागतो," म्हणायचे आणि डीपीला वळसा घालायचे. त्यांचं वैर जंगमाशी, म्हणजे सायकलींशी होतं.

रस्त्यावर वाळूचे टिप्पर सुसाट जात, म्हणून ट्यूशनची पोरं फुटपाथवरून सायकली हाणायची. मागून घंटी वाजली की काका हलायचे नाहीत.

"कोणाला घंटी वाजवून राहिलास रे? मी म्हैस हाय का?"

"आजोबा, रस्त्यावर टिप्पर हायत," एकदा एक पोरगं काकुळतीला येऊन म्हणालं.

"मग टिप्परला वाजव. तिथं चालत न्हाई, म्हणून म्हाताऱ्याला वाजवतो व्हय? फुटपाथ ही पायी चालणाऱ्याची वहिवाट हाय."

पोरगं खाली उतरलं आणि सायकल ढकलत काकांच्या मागून निघालं. त्या दिवशी काका एरवीपेक्षाही सावकाश चालले.

पुढे त्यांचे गुडघे गेले. डॉक्टरांनी सांगितलं, चालणं कमी करा, सायकल चालवा. काका आठवडाभर ह्या हुकुमावर अपील करायचं म्हणत होते. मग पुढे टोपली लावलेली एक उंच सायकल दारात आली. पहिल्या दिवशी ते रीतसर रस्त्यावरून गेले. टिप्परने मागून असा काही भोंगा दिला, की सायकल हातात धरून, घामाने भिजलेल्या शर्टानिशी ते पायीच परतले. दुसऱ्या दिवशी फुटपाथवर घंटी वाजली, म्हणून मी बाजूला झालो. बघतो तर काका!

"काका, ही तर पायी चालणाऱ्याची वहिवाट ना?"

"मी पेशंट हाय," पायडल न थांबवता ते म्हणाले. "पेशंटला सूट असते."

महिनाभरात सूट जाऊन हक्क आला. आता पायी चालणाऱ्यांबद्दल त्यांच्या तक्रारी सुरू झाल्या. हे लोक तिघंतिघं शेजारी चालतात, कानाला फोन लावतात, मध्येच थांबतात. "चालायची शिस्तच न्हाई लोकांना," ते मलाच सांगायचे. ट्यूशनची पोरं तर त्यांना आता मान डोलावून रामराम घालू लागली.

काकू मात्र पायीच होत्या, आता एकट्या. एका सकाळी मी दुधाच्या पिशव्या घेत उभा होतो. काकू समोरच्या फुटपाथवर, बरोबर मधून चालल्या होत्या. मागून काकांनी घंटी वाजवली. काकू हलल्या नाहीत. पुन्हा वाजवली.

"अगं, सरक की!"

"कोण हाय?" मागे न बघता काकूंनी विचारलं.

"मी हाय!"

"मी म्हणजे कोण? पक्षकाराचं नाव सांगा."

दूधवाला हसला, रसवंतीवाला हसला, मीही हसलो. काकांनी रागाने हँडल रस्त्याकडे वळवलं. फरशीच्या कडेवरून चाक घसरलं आणि काका सायकलसकट रस्त्यावर आदळले. एक ऑटो त्यांच्या डोक्यापासून हातभर अंतरावर करकचून थांबला. आमचं हसू तोंडातच राहिलं. काकू रस्त्यावर बसल्या होत्या. काकांचं डोकं त्यांच्या मांडीवर होतं.

खांद्याचं हाड मोडलं होतं. दवाखान्यात काकू एकसारख्या म्हणत होत्या, "दोन पावलं सरकले असते, तर काय बिघडलं असतं माझं?"

काका डोळे मिटून पडले होते. तसेच म्हणाले, "तू कशाला सरकायचं? वहिवाट तुझीच होती. अतिक्रमण म्या केलं."

ही कबुली फक्त काकू आणि उशाशी उभा असलेला मी, आम्हा दोघांपुरती. भेटायला येणाऱ्यांना ते टिप्परने उडवल्याचं सांगत, आणि दर पाहुण्यागणिक टिप्पर मोठा होत जाई.

बरे झाल्यावर सायकल विकली. गुडघ्याला पट्टा बांधून ते पुन्हा चालू लागले, पण आता काकू मागे नसत, शेजारी असत. दोघं मिळून फुटपाथ पुरता अडवायचे. मागे पोरं सायकली हातात धरून ताटकळायची. "थांबा रे," काका बजावायचे, "म्हातारी चालून राहिली."

गेल्या थंडीत हृदयविकाराने ते गेले.

काकू अजून फिरायला जातात. परवा मी सोबत होतो. मागून घंटी वाजली आणि काकू लगेच भिंतीला लागून उभ्या राहिल्या. पोरगं भुर्रकन निघून गेलं. मला राहवलं नाही. म्हटलं, "काकू, तुम्ही चक्क सरकलात?"

"भांडायला माणूस घरचं लागतं बाबा," त्या म्हणाल्या. "ह्या लेकराला अडवून मला काय मिळायचं?"

आणि त्या पुढे निघाल्या, भिंतीच्या कडेकडेने, बाजूला एका माणसापुरती जागा सोडून.