मामाच्या पाया पडलेली पोर

आधी महाराजांचे उपकार सांगतो, मग घटना. ते नसते तर एका बाईला मी सरकारी जीपमधून नेऊन तिच्या काळाच्या हाती दिलं असतं.

महाराजांचा आश्रम देवळीच्या पुढे आहे. घरच्यांनी टाकलेल्या बायका आणि मुलं तिथे राहतात. संध्याकाळी कीर्तन, आणि दिवसभर महाराज स्वतः भाजी निवडतात, पोरांची डोकी धुतात. मी रत्नागिरीकडचा. दहावीनंतर शाळा सोडून पोलिसात भरती झालो आणि नोकरीने राज्याच्या पार या दुसऱ्या टोकाला आणून टाकलं.

त्या दिवशी ठाणे अंमलदार म्हणून मीच बसलो होतो. निनावी फोन आला. "आश्रमात एका बाईले डांबून ठेवलं आहे. तिचा भाऊ गेटवर रडून राह्यला." आवाज घोगरा, मधेच खोकणारा. नोंद करून महिला शिपायाला घेऊन निघालो.

गेटवर खरंच एक माणूस होता. "माही सख्खी बहीण हाय, साहेब. आम्ही अल्लीपूरचे. रुसून आली घरून."

बाईला समोर आणलं. पदराला धरून तिची लहान मुलगी. महिला शिपायाने बाजूला नेऊन विचारलं तरी बाईचं एकच उत्तर, "हो, भाऊच आहे. जातो मी याच्यासंग." डोळे मात्र जमिनीला. सज्ञान बाई स्वतः कबूल करते म्हटल्यावर मी जबाब लिहायला घेतला.

तेवढ्यात तो माणूस लाडात येऊन म्हणाला, "ये वो पोरी, मामाच्या पाया पड."

पोर वाकली. त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. आमच्याकडे भाचरं मामाच्या पाया पडतातच, मला काही खटकलं नाही. पण अंगणात तांदूळ निवडणाऱ्या बायका एकदम एकमेकींकडे पाहू लागल्या.

महाराज पुढे आले. "कोनत्या गावचा म्हनलं तू?"

"अल्लीपूरचा."

"अन् भाचीले पाया पडू देते? साहेब, आमच्याकडं मामा भाचीच्या पाया पडते. पोरगी चुकून वाकली तं मामा मागं सरते. हा मामा नोहे."

"लहान पोर हाय, गंमत केली," तो हसला. पण त्याची नजर गेटकडे गेली. मी त्याचा दंड धरला.

महाराज बाईला म्हणाले, "आता तुले कोनी नेत नाई, माय. बोल."

ती मटकन खाली बसली. "माही मोठी पोरगी याच्या माणसाजवळ आहे. मी नाई म्हनलं तं तिले विकून टाकतील." तिलाही परराज्यात लग्नाच्या नावाखाली विकायचं ठरलं होतं. ती लहानगीला घेऊन पळाली, मोठी मागे राहिली.

ठाण्यात आणल्यावर तो मोठ्या पोरीचा ठावठिकाणा सांगेना. दरडावून झालं, चहा पाजून झाला. आणि मला एकच भीती, हा परतला नाही म्हटल्यावर तिकडे त्या पोरीचं काय होईल? मग त्याचा मोबाईल वाजला. मी स्पीकर लावला.

"निघाला का नाई? पोरीचं काय करू?" घोगरा आवाज, मधेच खोकला. आम्हाला खबर देणारा हाच! बाई महाराजांकडून सुटत नव्हती, म्हणून ती पोलिसांकडूनच बाहेर काढायचा त्यांचा डाव होता.

"नीट बोल," मी फोनवर हात दाबून त्याच्या कानाशी म्हणालो. "पोरीला काही झालं तर तुलाच भोगायचंय." "निघालो. पोरीले घेऊन पुलगाव स्टेशनवर ये," तो म्हणाला.

साध्या वेशात आम्ही फलाटावर उभे राहिलो. समोरून जाणारी प्रत्येक पोर तीच वाटायची. शेवटी एका माणसाने मनगट घट्ट धरलेली पोर दिसली. आम्ही घेरलं तेव्हा ती रडलीही नाही, फक्त विचारलं, "माय कुठं आहे?"

माणसाने "हो" म्हटलं म्हणजे ते त्याचंच "हो" असतं असं नाही, हे मी तेव्हा शिकलो. आणि कागदावर सगळं बरोबर असूनही माणूस मरू शकतो.

महाराज आता थकलेत. आश्रमाच्या गेटवर, आलेल्या प्रत्येक "भावा"ची चौकशी करायला एक जुना पोलीस हवा, असं ते म्हणतात. मी निवृत्त झालोय, पण बायकोचं औषधपाणी चालू आहे, म्हणून पाय निघत नाही. पण महाराज, ती बरी झाली की मी येतो. तुमचं ऋण मला त्या गेटवर बसूनच फेडायचं आहे.