थोरलीचा साइट प्लॅन

धाकट्या जावेच्या दारात उभं राहून थोरली काय बोलायचं ते मनाशी घोळवत होती. प्रत्यक्षात तोंडातून निघालं ते भलतंच.

"तुझा माऊस जरा देतेस का? माझा अडकतोय."

माऊसला धाड भरली नव्हती. अडकली होती ती थोरली. काखेत लॅपटॉप आणि चेहऱ्यावर सहज आल्याचा आव. धाकटीने खिडकीजवळच्या टेबलावरून मान वर केली, एकदा लॅपटॉपकडे पाहिलं, एकदा थोरलीच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि बाजूची खुर्ची ओढली. तिला सगळं कळलं होतं. थोरलीला नेमकं तेच नको होतं.

दोघींचं घर एकच, फक्त थोरली वरच्या मजल्यावर आणि धाकटी खाली. थोरली लग्नाआधीपासून एका ऑफिसच्या नकाशा विभागात कामाला. तिथे तिने उमेदीची सगळी वर्षं ड्रॉइंग बोर्डापुढे उभ्यानं घालवली. शाईच्या पेनाने काढलेली तिची रेघ अशी की सहकारी आपापले नकाशे तिच्याकडे अक्षर काढायला आणून देत, आणि तीही "ठेव तिकडे" असं म्हणत भाव खाऊन घेई. घरातली कमावती बाई म्हणून तिचा एक तोरा होता. धाकटीने घरी बसून बिल्डरांचे नकाशे करायला कॉम्प्युटर घेतला, तेव्हा ती चारचौघांत म्हणाली होती, "बरंय, घरबसल्या खेळायला." सगळे हसले. धाकटीही हसली, पण त्यानंतर तिने आपल्या कामाबद्दल थोरलीपुढे चकार शब्द काढला नाही.

आता ऑफिसातून ड्रॉइंग बोर्ड निघणार होते. साहेबांनी स्पष्ट सांगितलं होतं: कॉम्प्युटर ड्रॉइंगचा क्लास पास व्हा आणि खुर्चीवर बसा, नाहीतर खाली रेकॉर्ड रूममध्ये. रेकॉर्ड रूम म्हणजे तळघर. तिथे गेलेला नकाशा आणि गेलेला माणूस, दोन्ही परत वर येत नाहीत असं ऑफिसात म्हणत. थोरलीने हा विनोद स्वतःच कितीतरी वेळा सांगितला होता.

क्लासमध्ये सगळी तिच्या पोरांच्या वयाची. ती तिला काकू म्हणत, ते ठीक. पण शिकवणारे सरही काकूच म्हणत, ते तिला झोंबे. बाकीची कामं कशीबशी पार पडली होती. शेवटचं होतं साइट प्लॅन. जमिनीची हद्द, समोरचा रस्ता, आत घर, घराभोवती नियमाने सोडायची मोकळी जागा आणि कोपऱ्यात उत्तरेचा बाण. नवशिक्याचं काम. असे नकाशे थोरलीने इतके काढले होते की झोपेतून उठवलं तरी काढून दिले असते. आणि नेमकं तेच सरांनी परत केलं होतं. शेरा एवढाच: मापं तपासा. तिने मापं पुन्हा पुन्हा तपासली, आकडा अन् आकडा बरोबर. आज संध्याकाळच्या वर्गात दुरुस्त करून दाखवलं नाही, तर नापास.

"उघडा बघू," धाकटी म्हणाली.

थोरलीने फाइल उघडली. पडद्यावर क्लासने दिलेली मोठी चौकट आली. आत काहीच नाही.

"वहिनी, प्लॉट कुठंय?"

"आहे की. तो काय, खाली कोपऱ्यात."

धाकटीने जवळ नेलं, अजून जवळ नेलं. माशी बसावी तेवढा एक ठिपका हळूहळू फुगला आणि त्यातून घर, रस्ता, बाण सगळं सुबक उगवलं. धाकटीने एका भिंतीचं माप पाहिलं आणि ती खुदकन हसली.

"तुम्ही सगळं दोनशेनं भागलंत?"

"मग? एकास दोनशेचं स्केल दिलंय. भागायला नको?"

"अहो, इथे भागायचंच नाही. जमीन आहे तेवढीच काढायची, खऱ्या मापाची. लहान करायची ती कागदावर छापताना, आणि ते मशीन करतं."

थोरलीचा चेहरा उतरला. मीटरला दोनशेने भागून मिलिमीटर सांगणं तिच्या जिभेवर होतं. नवीन पोरं कॅल्क्युलेटर शोधत तोवर ती उत्तर देऊन मोकळी होई. कागदावर काम करणाऱ्या माणसाला आधी भागाकारच सुचतो, त्याला ती तरी काय करणार? पण धाकटी हसली होती, आणि ते हसू तिला थोबाडीत बसल्यासारखं लागलं.

"हसण्यासारखं काय आहे त्यात?"

धाकटी वरमली. "नाही हो. चुकलं माझं." मग गडबडीने म्हणाली, "एका फटक्यात दोनशेपट करता येतं. थांबा."

तिने केलं. ठिपका क्षणात चौकटभर पसरला. थोरलीचा जीव भांड्यात पडतो न पडतो तोच धाकटीने घर आणि हद्द यांच्यामधलं अंतर मोजलं. तीन मीटर हवं होतं. पाच सेंटिमीटर कमी भरलं.

"घराची लांबी भागल्यावर काय आली होती?"

"पावणेसत्त्याऐंशी मिलिमीटर. मी सत्त्याऐंशी धरली." थोरलीचा आवाज चढला. "पाव मिलिमीटर कागदावर कुणाच्या बापाला दिसतो?"

"कागदावर नाही दिसत. इथे तो दोनशेपट होऊन बसलाय." धाकटीने घड्याळाकडे पाहिलं. "पुन्हाच काढावं लागेल."

थोरली मटकन खुर्चीवर बसली. तिला रडू येईल असं वाटलं, पण धाकटीपुढे रडण्यापेक्षा तिने तळघर पत्करलं असतं. खाली मान घालून ती म्हणाली, "तूच काढून दे ना. तुझ्या हातचा मळ आहे."

धाकटी क्षणभर घुटमळली. मग तिने लॅपटॉप आपल्याकडे ओढला. तिची बोटं अशी चालत होती की थोरलीला कुठे काय दाबलं तेही कळेना. बघता बघता हद्द झाली, रस्ता झाला, घर झालं, अंतर बरोबर तीन मीटर. इतका नेटका नकाशा की थोरलीला हेवा वाटला. आणि सुटल्यासारखंही वाटलं. ती पदर सावरून उठायला लागली.

धाकटीने सगळा नकाशा निवडला आणि पुसून टाकला.

"हे काय केलंस!"

"आता तुम्ही काढा. तुमचे सर समोर बसवून एखादा बदल करायला सांगणार. सगळ्या क्लासमध्ये सांगतात. माझ्या नकाशात कुठे काय आहे ते तुम्हाला सापडणार नाही. तिथेच उघडं पडेल."

थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "सरळ सांग ना, सूड उगवतेस म्हणून! तेव्हा मी खेळ म्हटलं, ते मनात धरून बसलीस. मी नापास व्हावं असंच वाटतंय तुला!"

बाहेर रस्त्यावर कुणीतरी गाडीला किक मारत होतं आणि गाडी काही सुरू होत नव्हती.

"हो," धाकटी म्हणाली. "वाटतं."

थोरली बघतच राहिली.

"तुम्ही नापास झालात तर त्या जागी बाहेरचा माणूस घेणार आहेत. तुमच्या साहेबांनी मला विचारलंय. बिल्डरकडे माझे नकाशे बघितले त्यांनी. तुमचा निकाल लागला की कळवतो म्हणाले. घरात बसून बसून माझी पाठ गेली, वहिनी. बिल्डर म्हणेल तेव्हा काम, म्हणेल तेव्हा घरी. मलाही रोज सकाळी तयार होऊन कुठेतरी जावंसं वाटतं. तुम्ही जाता तसं."

"मग मला शिकवतेस कशाला?"

"तुम्ही आला नसता, तर मी मूग गिळून बसले असते. सांगायला कशाला लाजू? पण तुम्ही आलात. दारातून परत कसं पाठवू?"

उठून जावं असं थोरलीचं एक मन म्हणत होतं. पण जाणार कुठे? वर जाऊन त्याच ठिपक्याकडे बघत बसणार? ज्या बाईला ती नापास व्हायला हवी होती, तिच्याशिवाय तिला पास करणारं कुणी नव्हतं. तिने लॅपटॉप पुढ्यात ओढला.

"सांग. कुठून सुरू करू?"

धाकटीने दोन्ही हात मागे बांधले आणि खुर्चीमागे उभी राहिली. माऊसला ती शिवणार नव्हती. थोरली खरं माप टाकू लागली. छत्तीस हजार पाचशे मिलिमीटर असा भलामोठा आकडा लिहिताना तिचा हात प्रत्येक वेळी अडखळे, भागाकार आपोआप डोक्यात सुरू होई आणि ती दात आवळून तो बंद करी. हद्द झाली. मग तिने घराच्या भिंती काढल्या. एक रेघ, दुसरी रेघ, तिसरी, चौथी. सवयीप्रमाणे.

"पुसा," धाकटी म्हणाली.

"का? बरोबर तर आहे."

"सुट्या रेघा झाल्या. एकसंध काढा. हात न उचलता, फिरून पहिल्या टोकाला जोडायची."

थोरलीने पुसलं, पुन्हा काढलं. शेवटच्या कोपऱ्यात टोक जुळलं नाही, आणि धाकटी पुन्हा म्हणाली, "पुसा."

आधीचं घर आणि हे, दोन्ही पडद्यावर हुबेहूब सारखीच दिसली होती. थोरलीच्या मनात पाल चुकचुकली. ही वेळ तर काढत नाही ना? मला उशीर व्हावा म्हणून? आत्ताच तोंडाने कबूल केलंय हिने. तिने मागे वळून धाकटीकडे पाहिलं. धाकटी ओठ चावत पडद्याकडे बघत होती, जणू परीक्षा तिचीच होती. त्या चेहऱ्यावरून काही ठरवता येईना. विश्वास ठेवायचा तर डोळे मिटून, नाहीतर नाहीच. थोरलीने पुसलं आणि तिसऱ्यांदा भिंती काढल्या. या वेळी टोक जुळलं. रस्ता आणि बाण मग भराभर झाले.

"आता जतन करा आणि पळा," धाकटी म्हणाली.

वर्गात पोचेपर्यंत थोरलीला धाप लागली होती. सर टेबलाटेबलाने फिरत होते. पुढच्या बाकावरच्या एका मुलाला बदल करता आला नाही, आणि सर शांतपणे म्हणाले, "हा तू काढलेलाच नाहीस." मुलाचे कान लाल झाले.

सर तिच्यापाशी आले. त्यांनी अंतर मोजलं, मान हलवली, पण पुढे सरकले नाहीत.

"काकू, समोरचा रस्ता रुंद होणार आहे असं समजा. पुढची हद्द दीड मीटर आत घ्या. घर मागे सरकवा, पण मोकळी जागा तेवढीच राहिली पाहिजे. माझ्यासमोर."

थोरलीने हद्दीची पुढची बाजू दीड हजाराने आत घेतली. तिथपर्यंत ठीक. मग तिने घरावर क्लिक केलं. तिला भीती होती की एकच भिंत धरली जाईल आणि बाकीच्या तीन जागच्या जागी राहतील, शेजारच्या टेबलावरच्या मुलीचं मघाशी झालं होतं तसं. पण अख्खं घर एकदम उजळलं. एकसंध. तिने मागे सरकवलं. अंतर मोजलं. आकडा उमटेपर्यंत तिने श्वास घेतला नाही.

तीन मीटर. मागेही पुरेशी जागा उरली होती.

"छान," सर म्हणाले. "पास." आणि पुढच्या टेबलाकडे गेले.

थोरलीला आनंद झाला होता, खोटं कशाला बोला? तळघर चुकलं होतं. पण घरी परतताना चालता चालता तिच्या पायांचा वेग कमी कमी होत गेला. धाकटीने तिला दुसऱ्यांदा पुसायला लावलं, तेव्हा आपल्या मनात काय आलं होतं ते आठवून तिला स्वतःची शरम वाटली. ही जागा तूच घे, असं म्हणावं असं तिच्या मनात आलंच नाही असं नाही. आलं. पण ते म्हणण्याइतकं तिचं मन मोठं नव्हतं, आणि हे तिला त्या रस्त्यावर चांगलंच कळलं.

धाकटी दारातच उभी होती. तिने थोरलीच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"झालात ना?"

थोरलीने मान हलवली.

धाकटीच्या चेहऱ्यावर आधी हसू आलं, खरंखुरं. मग ते गेलं. ती आत वळली, टेबलावरचा फोन उचलला आणि थोरलीकडे पाठ करून खिडकीपाशी उभी राहिली. आवाज मात्र तिने एकदम ऑफिसातला काढला, थोरलीने कधी न ऐकलेला.

"साहेब, नमस्कार. त्या जागेसाठी तुम्ही विचारलं होतंत ना, तेवढं सांगायला फोन केला. आता माझी गरज लागणार नाही. माझ्या जाऊबाई पास झाल्या." ती थांबली. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "नाही, नाही, अगदी पक्कं येतं त्यांना. बदलसुद्धा स्वतः करतात. काळजी करू नका." पुन्हा ती थांबली, या वेळी जास्त. खिडकीच्या गजावर तिचा हात घट्ट होता. "माहीत कसं म्हणजे? मीच शिकवलंय ना."

फोन ठेवून ती तशीच पाठमोरी उभी राहिली. थोरली पुढे झाली आणि धाकटीच्या पाठीवर हात ठेवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.