ठिपके आले म्हणून क्लोरीन

"मॅडम, अंगावर ठिपके आलेत. रोज वाढतायत. काहीतरी औषध सांगा!"

फोनवर सोमण होते, पुण्यातले बिल्डर. परदेशात एका बेटावर त्यांचं रिसॉर्ट आहे. आपल्याकडे डॉल्फिनचे शो करू देत नाहीत, म्हणून हा उद्योग तिकडे. मी प्राण्यांची डॉक्टर, क्लिनिक सदाशिव पेठेत. पूर्वी काही वर्षं परदेशी अ‍ॅक्वेरियममध्ये काम केलेलं, हे यांनी कुठूनतरी हुडकलं होतं.

व्हिडिओ कॉलवर टाकी दाखवली. लांबट निमुळतं तोंड, टोकाशी पांढरं, पाठ गडद आणि करड्या अंगावर बारीक ठिपके. मी कपाळावर हात मारला. उष्ण समुद्रातला ठिपकेवाला डॉल्फिन तो! पिल्लू असताना नुसतं करडं असतं. वय वाढतं तसे ठिपके येतात, मुलांना मिसरूड फुटते तसे.

"अहो, आजार कसला? तो मोठा होतोय."

"असं होय! आम्ही तर क्लोरीन डबल केलं. आमच्या बाणेरच्या सोसायटीचा पूलवाला म्हणाला, इन्फेक्शन मरेल."

कॅमेरा जवळ न्यायला लावला. दोन्ही डोळे सुजून मिटलेले. माझं डोकंच फिरलं.

"खातोय का?"

"परवापासून नाही."

डॉल्फिन समुद्राचं पाणी पिऊन जगत नाही. त्याला लागणारं पाणी मुख्यतः माशांतून मिळतं. उपाशी म्हणजे तहानलेलासुद्धा. त्यात ही जात मोठ्या कळपानं खुल्या समुद्रात फिरणारी. एकट्याला टाकीत कोंडलं की खाणं सोडते. मी बजावलं, पाणी आत्ता बदला, तिथला डॉक्टर बोलवा आणि त्याला खाडीत जाळी लावून मोकळ्या पाण्यात हलवा.

"वीकेंडचे शो बुक आहेत हो. सोमवारी बघू."

"सोमवारपर्यंत मरेल तो!"

"एवढं चिडताय काय? मासाच तर आहे."

"मासा नाही तो! तुमच्यासारखाच फुप्फुसांनी श्वास घेतो. लाज कशी वाटत नाही हो तुम्हाला?"

सोमणांनी फोन ठेवला. मी रिसॉर्टच्या मॅनेजरला गाठून झापलं. साहेबांना विचारल्याशिवाय काही करता येणार नाही, म्हणाला. पाणी तेच राहिलं. शो झाले.

रविवारी संध्याकाळी डॉल्फिन मेला.

सोमवारी सोमणांचा फोन. "तुमचं बरोबर होतं, मॅडम. आता दुसरा घेतोय. ठिपके न येणारी जात कुठली?"

मी जे बोलले ते इथे छापता येणार नाही. वेटिंगमधली माणसं आपापली कुत्री घट्ट धरून बसली होती.

हल्ली कुणी पिल्लू घ्यायचंय म्हणून सल्ला विचारायला आलं, की मी एवढंच विचारते, "मोठं झालेलं बघितलंय का?" बऱ्याच जणांना राग येतो. येऊ दे.