मोजणी चालू असताना

लॉगच्या कोष्टकाचं जुनं पुस्तक उघडलं की अजून त्याला स्पिरिटचा वास येतो. पन्नास-साठ वर्षांपूर्वी मी कुरखेड्याला शाळामास्तर होतो, तेव्हा दवाखान्यातल्या रक्त-तपासनिसाने एका दुपारी मला बोलावलं. विहिरीच्या पाण्याने रक्ताच्या काचेवर रंग नीट चढत नव्हता, हिवताप आहे की नाही ते कळत नव्हतं, आणि काच बघितल्याशिवाय गोळी द्यायची नाही असा डॉक्टरांचा हुकूम होता. फॉस्फेटचे दोन क्षार नेमक्या प्रमाणात मिसळून बफर, म्हणजे पाण्याचा आंबटपणा रंगाला हवा तेवढाच ठेवणारं द्रावण, करायचं होतं, पण त्याला लॉगचं गणित जमेना. मी पुटपुटत आकडे काढत गेलो, तो पांढरी पूड तोलत गेला. दाराशी एक बाप तापाने फणफणलेली पोर मांडीवर घेऊन आमच्याकडे बघत बसला होता. काच तिच्याच रक्ताची होती. अखेर रंग चढला, हिवतापाचे जांभळे ठिपके दिसले. "सापडला!" म्हणत मी गोळ्या घेऊन धावलो. पोर गार पडली होती, श्वास थांबला होता. "अरे, हाक काऊन नाई मारली?" मी विचारलं. बाप हळूच म्हणाला, "पुजारी तांदळाचे दाने मोजून रोग पाह्यते, तवा कोनी मधात बोलत नाई, गुरुजी. झाली ना तुमची मोजनी? आता उठवा इले." आजही साधी बेरीज करताना मी मध्येच थांबतो आणि दाराकडे बघतो.